चाळीस अंश

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते मलाही नीट माहीत नाही.

सोलापुरात औद्योगिक वसाहतीत माझं वर्कशॉप आहे. प्रयोगशाळांसाठी विजेच्या भट्ट्या बनवतो. दहावीनंतर यंत्रमाग दुरुस्त करत करत इथवर आलो, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. भावात मला कुणी हरवलेलं नाही. तोंडात तर नाहीच.

सुहास शाळेत माझ्या बाकावर बसायचा. गणितं माझी बघून करायचा — हे आधी सांगायला हवं, म्हणजे माझं पोट कुठून दुखायला लागलं ते कळेल. तो शिकत गेला, प्राध्यापक झाला. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कणांची पावडर तो बनवतो. तीच पावडर उन्हात पाण्यातून हायड्रोजन काढते, आणि तीच जखमेच्या पट्टीला लावली तर जंतू मरतात. रसायनवाले, भौतिकवाले, डॉक्टर — सगळे त्याच्याकडे. भट्टी मात्र माझी. कण एकसारखे येईनात, तेव्हा "दार उघडू नको, आतच सावकाश निवू दे" हे कुणी सांगितलं? मी. निवण्याची सोयही मीच करून दिली.

लेख छापून आला. सत्कार झाला. मी दुसऱ्या रांगेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं चहावाल्याचेसुद्धा आभार मानले. माझं नाव नाही. नंतर विचारलं, तर हसला. "अरे, तुझं बिल दिलं की लगेच!"

बिल!

वर्षभरानं भट्टीचं मीटर बिघडलं, मी नवं बसवलं. बसवलं की मी माझी तपासणीची तार भट्टीत सोडतो आणि दोन्ही आकडे ताडून बघतो. ही माझी जुनी सवय. नवं मीटर चाळीस अंश कमी दाखवत होतं. दुरुस्तीला काय लागतं? दोन बटणं, अर्धं मिनिट. तेवढ्यात सुहास पाहुण्यांना घेऊन आला. भट्टीवर हात ठेवून म्हणाला, "ही सिस्टीम आम्हीच डेव्हलप केली." मी तिथंच उभा, हातात स्क्रू ड्रायव्हर. त्यानं बघितलंही नाही.

बटणं न दाबताच मी झाकण लावलं. कामाच्या कागदावर सही घेतली आणि निघालो.

रागाच्या भरात झालं, असं म्हणता आलं असतं. पण राग किती दिवस टिकतो? माझा चौदा महिने टिकला.

मीटर कमी दाखवतं, म्हणजे भट्टी आत तेवढी जास्त तापते; चाळीस अंश जास्त तापलं की कण एकमेकांना चिकटतात, पावडर वाया जाते. मला माहीत होतं. भट्टी चालवायची रेवती — पीएचडी करणारी, मंगळवेढ्याहून रोज एसटीनं येणारी मुलगी. पावडर बिघडत गेली. सुहासनं चूक तिच्या हातात शोधली. शेवटी ती वर्कशॉपवर आली. "काका, मीटर बरोबर हाय का, एकदा येऊन बघता का? सरांना न सांगता आलेय."

आणि मी काय केलं? ओरडलो. "माझ्या भट्टीला नावं ठेवतेस? आधी वजन नीट करायला शीक!" कामगार हातातली कामं थांबवून बघत होते. ती "सॉरी काका" म्हणाली आणि गेली.

मला सुहास पडलेला बघायचा होता. पडत होती ती. हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं.

तिनं पीएचडी सोडली. सुहासनं बाहेरून दुसरी भट्टी मागवली, पावडर जमली, आणखी एक लेख आला. त्याचं काहीच बिघडलं नाही. खरं सांगू? तेव्हाही मला वाईट वाटलं ते याचंच.

मागच्या महिन्यात रेवती आली. नातेपुत्यात कॉलेजात शिकवते, तिथल्या प्रयोगशाळेसाठी छोटा ओव्हन हवा होता. भाव झाल्यावर हसत म्हणाली, "काका, तुमच्या मालाबद्दल शंका न्हाय. तवा चूक माझ्याच हाताची होती. आता प्रयोग पोरंच करतात, मी लांबूनच सांगते. हात लावायला भ्या वाटतं की."

तेव्हा तरी सांगायचं की नाही?

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." आणि ओव्हन तिच्या रिक्षात चढवून दिला.