साडूंचं लिनक्स आणि आमचं वायफाय

आमच्या साडूंनी हात लावलेली वस्तू नंतर पहिल्यासारखी चालली, असं एकही उदाहरण उभ्या दिल्लीत सापडणार नाही; गुरुग्राम आणि नोएडा धरूनसुद्धा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, मुक्काम आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर. आठवडाभर इतरांच्या फायली अडवून जो उत्साह शिल्लक राही, तो ते शनिवार-रविवारी नातेवाइकांच्या लॅपटॉपवर खर्च करत. कुणाचा लॅपटॉप जरा हळू चालतो असं नुसतं कानावर पडलं, की हा माणूस मेट्रोत बसलाच म्हणून समजा. गळ्यात सरकारी फायलीची हिरवी नाडी आणि तिला ओवलेले पेनड्राइव्ह. स्टेशनवरच्या तपासणीत त्यांना हमखास थांबवत. "ये क्या है अंकल?" एवढं विचारायचा अवकाश, साडू त्या बिचाऱ्या शिपायाला लिनक्सचे फायदे समजावून सांगू लागत, आणि मागे रांग वाढत जाई.

लिनक्स ही विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी संगणकप्रणाली आहे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जगभर ती उत्तम चालते म्हणतात. फक्त साडूंनी घातली की चालत नाही. एका गणपतीत दिल्लीतल्या आमच्या द्वारका भागातल्या मराठी मंडळाचा लॅपटॉप त्यांच्या तावडीत सापडला. आदल्या दिवशी त्यांनी तो 'स्वच्छ' केला. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी स्पीकर जोडले, आरती लावली, पडद्यावर ती पुढेपुढे सरकताना दिसत होती आणि आवाजाचा मात्र पत्ता नाही. माणसं हात जोडून उभी. दिल्लीत वाढलेल्या पोरांना पहिल्या कडव्यापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून तर लॅपटॉप आणला होता. शेवटी पहिलंच कडवं पुन्हापुन्हा म्हणून आम्ही देवाला मोकळं केलं. साडू शांतपणे मोदक खात म्हणाले, "आवाज गेला, मान्य. पण व्हायरस पण गेला ना!"

या माणसाच्या घरी काय अवस्था असेल याची कल्पना करा. माझी मेहुणी आपला टॅब तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते. "ह्यांच्या नजरेस पडला की संपला," असं ती पाहुण्यांच्या देखत सांगते, आणि साडू ते कौतुक समजून हसतात. अपयश या प्रकाराशी त्यांची ओळखच नाही. 'मला माहीत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. ते म्हणत, "विचाराधीन आहे." त्यांनी निकामी केलेल्या यच्चयावत वस्तू दिल्लीभर अशा विचाराधीन पडलेल्या होत्या. एका भाचीचा प्रिंटर तर तिचं लग्न होऊन ती सासरी गेली तरी विचाराधीन होता.

पण या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट म्हणजे रीस्टार्टबद्दलचा त्यांचा राग. त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बिघडला की कंत्राटदाराचा माणूस येई, "सर, रीस्टार्ट मार लो" म्हणे आणि चहा पिऊन निघून जाई. या अपमानाने साडू कायमचे दुखावले होते. "रीस्टार्ट म्हणजे इलाज नाही, टाळाटाळ आहे," ते म्हणत. "फाइल वाचायची नाही आणि खालच्या टेबलावर परत पाठवून द्यायची, त्यातला प्रकार. मशीन बंद करायचं तर रीतसर शटडाउन. मग जरा थांबायचं. मग चालू." त्या थांबण्याच्या वेळात ते हाताची घडी घालून, राष्ट्रगीत चालू असल्यासारखे ताठ उभे राहत. आमच्या मिक्सरलाही त्यांनी हाच नियम लावला होता. चटणी होईपर्यंत पाहुणे इडल्या नुसत्याच संपवत.

तर असा हा माणूस माझ्या बायकोच्या लॅपटॉपपर्यंत येऊन पोचला, आणि तोही नेमका तिच्या मुलाखतीच्या तोंडावर. मुलगा लहान असताना तिने नोकरी सोडली होती. मधे बरीच वर्षं गेली. अलीकडे ती पुन्हा अर्ज करू लागली होती, पण साधं नकाराचं उत्तरसुद्धा कुणी पाठवत नव्हतं. अखेर गुरुग्रामच्या एका कंपनीने बोलावलं. कंपनी ऑनलाइन प्रशिक्षणाचे धडे तयार करायची, आणि मुलाखतीत आपला स्क्रीन दाखवत एक नमुन्याचा धडा शिकवून दाखवायचा होता. त्या धड्यासाठी ती आठवडेच्या आठवडे खपली होती. ही मुलाखत हातची गेली तर ती पुन्हा कुठे अर्ज करणार नाही, असं ती बोलली नव्हती. पण मला ते स्पष्ट दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

लॅपटॉप जुना होता, व्हिडिओ कॉलमध्ये तिचा चेहरा अर्ध्या हसण्यावर गोठून राही. हे तिने बहिणीला फोनवर सांगितलं, बहिणीच्या शेजारी साडू बसले होते, आणि शनिवारी सकाळी आमची बेल वाजली. मी भाजी घेऊन परत येईपर्यंत ऑपरेशन झालंसुद्धा. त्यांनी विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स बसवलं होतं. चालू करताना लॅपटॉप विचारणार, यात जायचं का त्यात. आणि आश्चर्य म्हणजे सगळं चाललं. लिनक्स भराभर उघडलं, नेट आलं, बायकोचा चेहरा पडद्यावर पूर्ण हसला. साडूंनी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं आणि जाताना सक्त ताकीद दिली, "छोटी, एक लक्षात ठेव. विंडोजमधून बाहेर पडताना नेहमी शटडाउन. रीस्टार्ट बिल्कुल नाही." माझ्या बायकोला ते तिच्या शाळेच्या दिवसांपासून छोटी म्हणतात. छोटीने नियम पाळला. रविवारी सकाळी लिनक्स उघडलं तर वायफाय गायब.

साडू दुपारच्या आत हजर झाले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचं कार्यालय थाटलं गेलं. त्यांची पद्धत सरकारी. प्रकरण खालून वर जायला पाहिजे. आधी वायफायचं कार्ड जागेवर आहे का, तर आहे. मग त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम आहे का, तर आहे. मग ते उठत का नाही? विचाराधीन. नवा ड्रायव्हर आणायला नेट हवं, म्हणून ते विंडोजमध्ये जात, ड्रायव्हर उतरवत, रीतसर शटडाउन करत, हाताची घडी घालून उभे राहत, लिनक्समध्ये येऊन तो बसवत, आणि कार्ड ढिम्म. मग दुसरा ड्रायव्हर आणायला परत विंडोज. असं दिवसभर. विंडोजमध्ये नेट होतं पण जीव नव्हता, लिनक्समध्ये जीव होता पण नेट नव्हतं. तारेने नेट जोडावं तर त्या लॅपटॉपला तशी जागाच नव्हती.

"मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट घेऊ या ना," मी म्हटलं.

"ही तडजोड झाली," साडू मान वर न करता म्हणाले.

तडजोडीला दुसरीही अडचण होती. आमच्या फ्लॅटमध्ये मोबाइलला रेंज फक्त बाल्कनीत मिळते, आणि बाल्कनीवरून सारखी विमानं जातात. विमान गेलं की समोरच्याचं ओठ हलवणं तेवढं दिसतं. तरी बायकोने बाल्कनीत खुर्ची टाकून पाहिली, दोन वाक्यं बोलली, वरून घरघर गेली, आणि ती आत येऊन टेबलाशी उभी राहिली.

"भाऊजी, प्लीज. आता हात नका लावू."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला असावा. साडूंनी पेनड्राइव्हची माळ गळ्यात घातली. इतक्या वर्षांत प्रथमच ते आमच्याकडून काही न खाता गेले. लिफ्टशी मला एवढंच म्हणाले, "काल चालत होतं यार." मला त्यांची कीव आली नाही. उलट, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला आपण काय करून ठेवलं ते कळलं, याचा मला खरोखर आनंद झाला.

सोमवारी, मुलाखतीच्या दिवशी, सकाळी पुन्हा बेल. साडू अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. गळ्यात माळ नव्हती. "मी काही करणार नाही. नुसता बसतो," म्हणाले आणि खरोखरच सोफ्याच्या कडेला नुसते बसले. बायकोने मन घट्ट करून मोबाइलचं नेट आणि बाल्कनीच पक्की केली होती. धडा मात्र विंडोजच्या बाजूला राहिला होता. तो पेनड्राइव्हवर घ्यायला ती विंडोजमध्ये गेली. विंडोजने आपल्या चालीने तो द्यायला इतका वेळ लावला की मुलाखत अगदी जवळ आली, आणि घाईघाईत तिने सरळ रीस्टार्टवर बोट ठेवलं.

"छोटी! रीस्टार्ट नको! शटडाउन!" साडू उभे राहिले.

"टाइम नाहीये भाऊजी!"

लिनक्स उघडलं. कोपऱ्यात वायफायची खूण पूर्ण भरलेली. साडू वाकून त्या खुणेकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अच्छा! म्हणजे हा विंडोज शटडाउन केला तरी बंद होतच नाही! पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून डुलकी घेतो, आणि कार्ड धरून झोपतो. साहेब रजेवर गेला आणि कपाटाची किल्ली खिशात घेऊन गेला! रीस्टार्ट केलं तरच किल्ली जमा करतो." मग ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे माझ्या नियमानेच अडवलं होतं." या वाक्याची मी वर्षानुवर्षं वाट पाहत होतो. ते आलं तेव्हा मात्र त्याची मजा घ्यायला कुणाला सवड नव्हती.

बायको आत गेली, दार लागलं. साडूंनी माझा फोन वायफायवरून काढायला लावला, स्वतःचा बंद केला, कुकरखालचा गॅस विझवला आणि चपला घालून बाहेर गेले. मला वाटलं, ऑफिसला गेले. बऱ्याच वेळाने मी दार किलकिलं करून पाहिलं, तर ते आमच्या दाराबाहेर बेलच्या बटणासमोर पाठ टेकून उभे होते आणि कुरिअरवाल्याला दबक्या आवाजात सांगत होते, "भैया, घंटी मत बजाना. अंदर बच्ची का इंटरव्यू चल रहा है।" बच्चीचं वय त्यांनी सांगितलं नाही. हातात शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही पार्सलं होती.

मुलाखत संपल्यावर बायकोने स्वतः बाहेरचं दार उघडलं. कशी झाली, काय विचारलं, यातलं साडूंनी काहीच विचारलं नाही.

"मधे कट झालं का गं?"

"एकदाही नाही, भाऊजी."

"कार्ड चांगलं आहे," ते म्हणाले आणि डोळे पुसायला त्यांना हात रिकामा नसल्यामुळे पार्सलं माझ्याकडे दिली. आग लावणाऱ्यानेच बंब बोलावला तर त्याचे आभार मानावेत का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या क्षणी तो माणूस मला फार आवडला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

नोकरी मिळाली. बायको आता मेट्रोने गुरुग्रामला जाते आणि कंपनीने तिला नवाकोरा लॅपटॉप दिला आहे. त्यात काही घालायला-काढायला कंपनीची परवानगी लागते, म्हणजे साडूंना तिथे मज्जाव. जुना लॅपटॉपही त्या सोमवारनंतर एकदासुद्धा रुसलेला नाही. विंडोजची ती झोपायची खोड साडूंनी नंतर बंद करून टाकली. दरम्यान ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी ते आले, सोफ्यावर बसले आणि नेहमीच्या उत्साहाने म्हणाले, "बोला. काय प्रॉब्लेम?"

"काही नाही भाऊजी, सगळं मस्त चाललंय," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"वा. उत्तम," साडू म्हणाले. चहा आला. तो त्यांनी फार सावकाश प्यायला. मग उद्या सोमवार असूनही कुठे जायचं नाही, ही गोष्ट त्यांनी हसत सांगितली आणि कपाकडे बघत राहिले. कप रिकामा होता.

मी उठून आतल्या खोलीत गेलो. जुना लॅपटॉप उघडला, त्याचं वायफाय स्वतःच्या हाताने बंद केलं आणि तो आणून त्यांच्यासमोर ठेवला. "हे बघा ना जरा. पुन्हा गेलंय," मी म्हटलं.

साडूंनी चष्मा लावला. वायफाय कुणीतरी मुद्दाम बंद केलंय हे पडद्यावर ठळक दिसत होतं, आणि ते त्यांना दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"हं," म्हणाले. "खालून वर जावं लागेल. संध्याकाळ होईल."

"होऊ द्या," मी म्हटलं.