दाराशी थांबणारं पाणी

सातवीच्या वर्गाच्या दाराशी पाणी साचायचं. व्हरांडा धुतला की सफाईच्या मावशी खराट्याने पाणी पायऱ्यांकडे लोटायच्या, आणि ते पाणी, दुकानात पाठवलेलं पोर अर्ध्या वाटेतून परत यावं तसं, निवांत मागे फिरून दाराशी येऊन बसायचं. मावशी पुन्हा लोटायच्या. ते पुन्हा यायचं. एकवीस वर्षं हा खेळ चालू होता, आणि एकवीस वर्षं मुलं चपला हातात घेऊन वर्गात शिरत होती.

का साचतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमीन खचली. मावशी तसं म्हणायच्या, मुख्याध्यापिका तसं म्हणायच्या, आणि विज्ञानाच्या बाईही तसंच म्हणायच्या. बाईंनी तर ते घरातच ऐकलं होतं. व्हरांड्याची ती फरशी त्यांच्या वडिलांनी बसवली होती.

बाई गवंड्याची मुलगी. वडिलांना गावात सगळे ओळंबा म्हणत. दोरीला बांधलेलं ते वजन कसं कुणाच्या सांगण्याने तिरकं होत नाही, तसा माणूस. आयुष्यभर गुडघ्याला पोतं बांधून फरशा बसवल्या. फरशीचं काम उभ्याने होत नाही, बसूनही होत नाही. ते गुडघ्यांवर रांगत मागे मागे सरकत करायचं असतं. साठीला गुडघे गेले. पण त्यांनी केलेल्या खोलीत गोटी ठेवली तर ती ठेवल्या जागी राहते, असं लोक सांगत.

मुलीला त्यांनी नवव्या वर्षापासून कामावर नेलं ते एकाच कारणासाठी. लेव्हलची नळी धरायला. पाण्याने भरलेली लांब, पारदर्शक, बोटाएवढी जाड नळी. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्ही टोकांतलं पाणी जिथे थांबेल तिथे रेघ मारायची, की दोन्ही रेघा एका पातळीत. शाळा सुटली की मुलगी जायची, टोक धरून उभी राहायची. हात दुखला तरी हलवायचा नाही. "हात दुखतो," म्हटलं की ओळंबा म्हणायचे, "दुखू दे. रेघ हलली तर भिंत दुखते."

ती मुलगी शिकली, बाई झाली आणि पहिली काही वर्षं अगदी पुस्तकासारखं शिकवत राहिली. फळ्यावर बाण काढायची, व्याख्या द्यायची, मुलं उतरवून घ्यायची. निकाल चांगला लागायचा. कुणाची तक्रार नव्हती.

एकदा सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, जोडलेल्या भांड्यांत पाण्याची पातळी कशी राहते? सगळ्या वर्गाने लिहिलं, समान राहते. सगळ्यांना पूर्ण गुण. बाई पेपर वाटत होत्या आणि मुलं एकेक करून, चपला हातात घेऊन, दारातलं पाणी ओलांडून आत येत होती. बाईंचा हात थांबला.

"हे पाणी इथेच का थांबतं रे?"

"जमीन खचली म्हणून, बाई."

"कुणी सांगितलं?"

मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. हिला वर्गात वकील म्हणत, कारण ती कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य करायची नाही. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं, बाई. गेल्या वर्षी."

बाई खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आणि मी ते मोजलेलं नाही. आता तुम्ही मोजा. उत्तर मी देणार नाही."

तिथून ते सुरू झालं. गणिताच्या सरांना त्यांनी सांगितलं, उताराचं गणित या व्हरांड्यावर घ्या. चित्रकलेच्या तासाला व्हरांड्याचा नकाशा झाला. भाषेच्या बाई अहवाल लिहून घ्यायला लागल्या, आणि त्यांचा दंडक एकच, ‘असे वाटते’ हे शब्द दिसले की पान फाडायचं. काय मोजलं तेवढंच लिहायचं. मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आणि अभ्यासक्रम?"

"द्रव, दाब, उतार, गुणोत्तर, अहवाललेखन. सगळं पुस्तकातलंच आहे. फक्त पाच पुस्तकांत विखुरलंय, ते मी एका व्हरांड्यात आणलंय."

"तीन आठवडे देते. नंतर मला कागद दिसला पाहिजे."

पहिल्या आठवड्यात दहा गटांनी दहा उत्तरं आणली. कुणी मोजपट्टी वाकडी धरली होती, कुणी फरशीच्या वर आलेल्या कडेपासून मोजलं होतं. एका गटाने नळीच्या टोकावर अंगठा दाबून ठेवला होता, पाणी सांडू नये म्हणून. मग पाणी हलणार कसं? बाईंनी कुणालाच चूक म्हटलं नाही. दहाही आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाल्या, "व्हरांडा एक आहे. उद्या परत." मुलांनी परत मोजलं. मग परत. पाचव्या दिवशी आकडे एकमेकांच्या जवळ यायला लागले, पण नळीचा हात काही बसेना. हे हाताचं काम, सांगून येत नाही. म्हणून बाई संध्याकाळी माहेरी गेल्या.

ओळंबा चहा पीत बसले होते. "शाळेत? मी काय सांगणार?"

"सांगू नका. नळी धरून दाखवा."

"ती तुलाही धरता येते."

"मी धरली की पोरं माझ्या तोंडाकडे बघतात. हाताकडे बघत नाहीत."

आई आतून म्हणाली, "जा की. इथे बसून शेजाऱ्याच्या भिंतीला नावं ठेवता, त्यापेक्षा बरं."

"कुठला व्हरांडा?" ओळंब्यांनी विचारलं.

"तोच, बाबा. दाराशी पाणी येतं तो."

त्यांनी कप खाली ठेवला. "तिथे जमीन खचलीय," ते म्हणाले.

"तेच तर मोजायचंय."

"येतो," ते म्हणाले, आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठले. बाईंनी ते पाहिलं. ओळंबा कपात चहा ठेवणाऱ्यांतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून आले. स्टुलावर बसले, कारण गुडघे. नळी हातात घेतली. टोक कसं धरायचं, श्वास कधी रोखायचा, पाणी डुलायचं थांबेपर्यंत कसं थांबायचं, हे त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि चाळीस वेळा करून घेतलं. एकाने घाईने रेघ मारली. "पुसा," ते म्हणाले. दुसऱ्यांदा मारली. "पुसा." तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं.

बारा मीटरचा व्हरांडा. एका टोकाला सातवीचं दार, दुसऱ्या टोकाला पायऱ्या. मोजलं तर पायऱ्यांकडचं टोक दारापेक्षा दोन सेंटिमीटर उंच निघालं. म्हणजे पाणी परत येणारच. त्याचा दोष नाही.

"म्हणजे दाराकडची जमीन खाली गेली," एक मुलगा म्हणाला.

वकील उठली. "मग खिडक्या का नाही गेल्या? त्याच भिंतीत आहेत."

मुलं खिडक्यांकडे धावली. तीन खिडक्यांच्या तळाच्या कडा नळीने मोजल्या. तिन्ही एका रेघेत. भिंत कुठेच खचली नव्हती.

सगळे ओळंब्यांकडे बघायला लागले. त्यांनी घसा साफ केला. "भिंत वेगळी, भराव वेगळा. भिंत पायावर उभी असते. फरशी खालच्या मातीच्या भरावावर असते. भराव बसतो, भिंत बसत नाही."

हे अगदी खरं आहे. कुठलाही गवंडी हेच सांगेल. मुलांनी माना डोलावल्या, वकिलीणबाईंनीसुद्धा. वहीत लिहायला सुरुवात झाली, ‘दाराकडचा भराव बसला.’ तास संपायला दहा मिनिटं होती. अहवाल तयार, मुख्याध्यापिका खूश, ओळंबा घरी.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती. फरशी बसवून झाली की भिंतीच्या तळाला उभी पट्टी लावतात. ती भिंतीला चिकटलेली असते, आणि लावताना फरशीवर घट्ट टेकवलेली असते. नंतर भराव बसला, तर फरशी खाली जाते आणि पट्टी वरच राहते. दोघींत फट पडते. फट नसेल, तर फरशी खाली गेलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून तशीच आहे. हे त्यांना वडिलांनीच शिकवलं होतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, उकिडवं बसून. आणि वडील आत्ता, या क्षणी, त्या पट्टीकडे बघत नव्हते. समोरच असलेल्या पट्टीकडे न बघायला ओळंब्याला मान वळवावी लागत होती.

गप्प राहणं सोपं होतं. मुलांना कळलं नसतं. पण मग इतके दिवस या पोरांना पुन्हा मोजा, पुन्हा मोजा म्हणायचं कशासाठी? आणि बोलणं म्हणजे एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला, त्याच्या एकुलत्या एका नावासकट, चाळीस पोरांसमोर उभं करणं. बाईंनी बापाच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडून एक पट्टा केला आणि वकीलकडे दिला.

"लिहायच्या आधी हा भिंतीच्या पट्टीखाली जातो का बघ," त्या म्हणाल्या. "दारापासून पायऱ्यांपर्यंत. आणि आत गेला तर काय, नाही गेला तर काय, ते आधी ठरव."

वकील खाली बसली. मुलं तिच्यामागून सरकत गेली. पुठ्ठा कुठेच गेला नाही. मग साधा कागद घेतला. तोही नाही.

"भराव बसला असता तर फट पडली असती," वकील हळू म्हणाली. "मग ही फरशी... आधीपासूनच अशी आहे."

ओळंब्यांनी आपल्या मुलीकडे पाहिलं. ती टोक धरून उभी राहायची तेव्हा बघायचे तसं. हात हलतोय का ते बघायला. मग म्हणाले, "बादली आणा. चूक परत करून दाखवतो."

त्यांनी नळीतलं थोडं पाणी सांडलं, आत हवा जाऊ दिली आणि वरून घाईने पाणी ओतलं. टोकापासून हातभर खाली एक बुडबुडा अडकला. "आता बघा पातळी." बुडबुडा होता त्या टोकाचं पाणी वर चढून उभं राहिलं होतं. दोन सेंटिमीटरचा बुडबुडा, पाणी दोन सेंटिमीटर वर. मुलांनी तीनचा करायला लावला. तीन. दीडचा केला. दीड. कुणी न सांगता फळ्यावर तक्ता झाला.

"व्हरांडा पायऱ्यांकडे दोन सेंटिमीटर उतरता हवा होता," ओळंबा म्हणाले. "आता किती आहे?"

"दोन चढता."

"मग तेव्हा बुडबुडा केवढा होता?"

वर्गाने बोटं मोजली. "चारचा."

"चारचा," ते म्हणाले. "एकवीस वर्षांपूर्वी. नळी जुनी होती, पिवळी पडलेली. मदतनीस आला नव्हता, मुलगी शाळेत होती, म्हणून टोक खिळ्याला बांधलं. ठेकेदाराला घाई होती. मलाही होती."

"तुम्ही बसवली ही फरशी?" वकीलने विचारलं.

"मीच."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

बाई मध्ये पडणार होत्या. ओळंब्यांनी हातानेच थांबवलं. "पाणी ओतलं तेव्हा कळलं, आणि तोवर माल घट्ट झाला होता. ठेकेदार म्हणाला, जमीन खचली म्हणू. मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. पुढे लोकच म्हणायला लागले. लोक आपल्या वतीने खोटं बोलायला लागले की फार सोपं असतं बघ."

घंटा झाली.

बाप-लेक घरी निघाले. कोपऱ्यावर ओळंबा गुडघ्यांसाठी थांबले तेव्हा बाईंनी विचारलं, "रागावलात?"

"पट्टीखाली कागद घालून बघायचा, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग कुणावर रागावू?"

पुन्हा चालायला लागल्यावर बाईंना एक गोष्ट आठवली. त्या तेरा वर्षांच्या असताना वडिलांनी अचानक नवी, काचेसारखी स्वच्छ नळी आणली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी टोक हातात देण्याआधी ते नळीला टिचक्या मारत म्हणायचे, आधी बुडबुडा बघ, मग तोंड उघड. त्याआधीच्या चार वर्षांत हे त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. बाईंनी मनात हिशेब केला. व्हरांड्याच्या फरशीचंच वर्ष निघालं.

अहवाल झाला तेव्हा वकील तो वाचून दाखवायला ओळंब्यांच्या घरी गेली. बाई सोबत होत्या. मुलांनी शेवटी लिहिलं होतं, ‘कारागिराच्या नजरचुकीने नळीत बुडबुडा राहिला.’

"हे कुणी लिहिलं?"

"आम्ही सगळ्यांनी, आजोबा."

"खोडा. नजरचूक म्हणजे बघितलं आणि दिसलं नाही. मी बघितलंच नव्हतं. तसं लिहा."

वकीलने बाईंकडे पाहिलं. बाईंनी पेन पुढे केलं. वकीलने खोडून लिहिलं, ‘कारागिराने नळी न तपासता रेघ मारली.’ ओळंब्यांनी कागद हातात घेऊन ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता सरळ आहे."

मग कोपऱ्यातली थापी उचलून त्यांनी तिची धार अंगठ्याने पाहिली. "मधली सुट्टी किती वाजता असते? दाराजवळच्या दोन रांगा उचलून बाहेर पाणी काढून देता येईल. मी स्टुलावर बसेन. रांगायला तुमचे गुडघे आहेत."

"आणि नळी?" वकीलने विचारलं.

"नळी तू धर," ओळंबा म्हणाले. "पण आधी—"

"माहितीये," ती म्हणाली.