खाणीची वाट आमच्या अंगणातून

मला लिहायची सवय नाही. वहिनींबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि बरं लिहिणारे गावात आहेतही. पण त्यांच्यापैकी कुणी वहिनींच्या घरात राहिलेलं नाही. मी राहिलो. मागच्या खोलीत, माझा थोरला भाऊ गेला त्याच्याही आधीपासून.

वहिनी रस्तादुरुस्तीच्या टोळीच्या मुकादम. फावडी, घमेली, एक कुरकुरणारा रोलर आणि चार-पाच माणसं, एवढी त्यांची फौज. खडी यायची लांबच्या खाणीतून, तीही पावसाळा उलटून गेल्यावर. तोवर खड्ड्यांत नुसती माती भरायची. मग गाड्या रुतायच्या आणि शिव्या वहिनींना. लोक त्यांना ‘खड्डेबाई’ म्हणत.

“म्हणू देत,” वहिनी म्हणायच्या. “प्रत्येक खड्ड्याला माझी आठवण काढतात. एवढी कुणाला बायकोची येत नाही.”

त्या वर्षी रस्त्यांच्या सरकारी खात्याने कळवलं की बाहेरची खडी आता बंद. गावाने हंगाम संपायच्या आत स्वतःची खाण आखून दिली तर ठीक, नाहीतर आपला रस्ता देखभालीतून वगळणार. वगळला म्हणजे थोड्याच दिवसांत बस बंद, हे सगळ्यांना कळत होतं.

खात्याची इंजिनीअर आली. तरुण पोरगी, पण कामाला चोख. तिने टेकडीवर जागोजागी खणून पाहिलं. वरची माती बाजूला केली की खाली चुनखडीचा दगड, आणि पायथ्याशी जुन्या ओढ्याच्या पात्रात गोटे आणि रेतीखड्यांची भरड. दगड फोडून रस्त्याचा थर करायचा, भरड खाली भरायला. वहिनी त्या दगडाचा एक तुकडा घरी घेऊन आल्या आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून बसल्या.

घोडं अडलं ते वाटेवर. ट्रक टेकडीवरून खाली उतरणार कुठून? नकाशात वाट बाजारगल्लीतून काढली होती, आणि गल्लीत पिठाची गिरणी. शाळेच्या हॉलमध्ये बैठक भरली तेव्हा गिरणीवाला तावातावाने उठला.

“इतके दिवस लोक म्हणायचे, हा गिऱ्हाइकांना चुना लावतो. आता खरंच पिठात घालून देऊ का?”

सगळे हसले. वहिनींनाही हसू आलं. पण खाण हवीच, असं त्या म्हणाल्या तसा तो चिडला.

“एवढी हौस आहे ना मुकादमबाई, मग न्या की तुमच्या अंगणातून!”

“नेते,” वहिनी म्हणाल्या.

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतात. वहिनी बैठकीच्या अध्यक्षांकडे वळल्या. “हसताय काय? लिहून घ्या. जागा यांनी सुचवली, मी दिली.”

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर फीत घेऊन आमच्या अंगणात आली. अंगणाची भिंत पडणार होती, त्याची तयारी होतीच. पण भरलेला ट्रक कोपऱ्यावर वळेना. मागची खोली आडवी येत होती.

“वळण पलीकडून नाही का घेता येणार?” वहिनींनी विचारलं.

“पलीकडे ओढा आहे,” ती म्हणाली. “ही खोली कुणाची?”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भाऊजी...” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मला पुढच्या खोलीतही झोप येते.

“तिथे माझं घोरणं ऐकू येतं.”

“ते आत्ताही येतं.”

संध्याकाळी माझ्या पुतणीचा शहरातून फोन आला. “आई, लोक दारातली धूळ झाडून बाहेर काढतात, तू तिला आमंत्रण देतेस? आणि काकांना कुठे टाकणार?”

“काका माझ्या बाजूने आहेत,” वहिनी म्हणाल्या. “धूळ नको असेल त्याने बसही मागू नये.” आणि फोन ठेवला.

भिंतीवर पहिला घाव पडला तसा गिरणीवाला धावत आला. “मुकादमबाई, मी आपलं बोलण्याच्या ओघात बोललो हो. राग सोडा. अर्धे ट्रक माझ्या गल्लीतून जाऊ द्या.”

“राग कसला?”

“गाव मला नावं ठेवतंय!”

“ते तुमचं तुम्ही बघा. बाजूला व्हा, विटा पडतायत.”

माझी खोली दुपारपर्यंत उतरवली. वहिनींनी दाराची चौकट तेवढी स्वतः उचलून आत नेली.

खाण सुरू झाली. पहिला भरलेला ट्रक हॉर्न वाजवत अंगणात शिरला आणि वहिनी हात वर करून मधोमध उभ्या राहिल्या. ट्रकवर ताडपत्री नव्हती.

“आता कशाला अडवता?” ड्रायव्हर ओरडला. “अंगण तर तुमचंच आहे!”

“मी दिलंय ते वाटेसाठी, धूळ उधळायला नाही. पुढे लोकांची घरं आहेत. झाक.”

“उद्यापासून झाकतो, बाई.”

“मग उद्या ये.”

अध्यक्ष मध्ये पडायला निघाले. वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ड्रायव्हर पुटपुटत वर चढला, ताडपत्री ओढली. शेवटची दोरी बांधून होईपर्यंत वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

चाकांची धूळ उडायची ती उडालीच. वहिनी खोकत खोकत ट्रकच्या मागोमाग बसथांब्यापर्यंत चालत गेल्या. तिथला मोठा खड्डा टोळीने आधीच खरवडून ठेवला होता. भरड पडली, तिच्यावर चुनखडीची खडी पसरली, आणि माणसं क्षणभर नुसतीच बघत उभी राहिली.

“बघताय काय?” वहिनी ओरडल्या. “पाणी मारा. रोलर आणा.”