खाचेवरची चिकटपट्टी

२००६ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. फुलबाजारात शेवंतीची पाटी उतरवत होतो, तेवढ्यात सायमनच्या दुकानाशेजारचा चहावाला मला शोधत आला. म्हणाला, "नाना, सायमनदादा गेले पहाटे." गिऱ्हाईक उभं होतं. त्याला माल दिला, मगच निघालो. लोक म्हणाले, नाना घट्ट माणूस. घट्ट कसला... मला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटत होती. ती का, ते आता दीड महिन्यानं लिहितोय.

सायमन आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ एका गाळ्यात हार्मोनियम दुरुस्त करायचा. आमच्या मखमलाबादच्या भजनी मंडळाची पेटी तीस वर्षं त्याच्याच हातातली. मी मंडळात मृदंग वाजवतो. शाळा तिसरीपर्यंत, पण तालात मला कुणी चूक दाखवलेली नाही, आणि दाखवली असती तर मी ऐकून घेतली नसती. सायमन पेटीतल्या पितळी पट्ट्या घासून एकेक सूर जुळवायचा आणि जुळवताना काहीतरी गुणगुणायचा. हे कुठलं, म्हणून एकदा विचारलं. तर त्यांच्या चर्चमधले म्हातारे परदेशी फादर मायदेशी परत जाताना त्याला एक कॅसेट देऊन गेले होते. मठातल्या साधूंची लॅटिन प्रार्थना, हजारेक वर्षांपूर्वीच्या चाली. शहाण्णव साली ती त्यानं मला ऐकायला दिली. अट एकच घातली, ऐकताना मांडीवर बोटं वाजवायची नाहीत.

पाच मिनिटं ऐकली. वाद्य नाही, ताल नाही, वीस-पंचवीस पुरुष एकाच सुरात... मी समेची वाट बघत बसलो, सम येईचना. दुकानात जाऊन चारचौघांत म्हणालो, "सायमन, हे गाणं नाय, रांगेत उभं राहून टाकलेले उसासे आहेत." मंडळातले दोघं सोबत होते, ते हसले. सायमनही हसला. म्हणाला, "अरे, यात शब्दच ताल धरतो. शब्द जेवढा लांब, तेवढाच तो चालतो. कधी एकाच अक्षरावर दहा-बारा सूर. आणि एकाचा श्वास संपला की शेजारचा सांभाळून घेतो, म्हणून कुठं तुटत नाही. शेवटपर्यंत ऐक एकदा." ऐकतो म्हणालो.

ऐकली नाही. पुढच्याच पंधरवड्यात सप्ताहातलं आमचं भजन टेप करायचं ठरलं आणि ऐन वेळी कोरी कॅसेट मिळेना. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून कडेला दोन बारीक खाचा असतात. त्यांच्यावर चिकटपट्टी लावली की काम होतं, हे तेव्हा घरोघरी ठाऊक होतं. मी सायमनची कॅसेट आणली आणि माझ्या हातानं पट्ट्या लावल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानं बंद होती हे खरं, पण मनात वेगळंच होतं. त्या उसाशांपेक्षा आपलं भजन तरी राहील, असं मला वाटलं. दोन्ही बाजूंना भजन घेतलं. दुसऱ्या बाजूला शेवटी माझा एकट्याचा मृदंग.

महिन्याभरानं सायमननं कॅसेट मागितली. मी म्हटलं, टेपमध्ये फीत गुंतली, तुटली, फेकून दिली. तो हातातली पितळी पट्टी घासत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे. बरीचशी लक्षात आहे माझ्या." तेव्हाच कबूल केलं असतं तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. पण सायमनला शिव्या देताच येत नव्हत्या... तेच अवघड होतं.

शेवटचा भेटलो तो जाण्याआधी आठवडाभर. छातीचं दुखणं, बोलताना दम लागायचा. त्याची बायको मार्थावहिनी उशाशी बसलेल्या. तो हळू आवाजात तीच चाल म्हणत होता, एका ठिकाणी अडत होता, परत पहिल्यापासून धरत होता. मला म्हणाला, "नाना, इथली जागा सुटते बघ. ती कॅसेट खरंच फेकली का रे? एकदा घरात बघशील?"

वहिनींसमोर मी चिडलो. "दहा वर्षांपूर्वी सांगितलं ना फेकली म्हणून. मला खोटं पाडतो काय?"

"नाय रे बाबा," तो म्हणाला, "सहज विचारलं."

आमचं बोलणं तिथं संपलं ते संपलंच.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं जुळवलेली पेटी ऐकावीशी वाटली, म्हणून ती कॅसेट लावली. आजवर कितीदा लावली असेल, पण दर वेळी माझा मृदंग संपला की मी बटण दाबायचो. पुढं ऐकण्यासारखं काय असणार? त्या दिवशी डोळे भरून आले होते, उठलो नाही. थोडी खरखर झाली... आणि साधू गायला लागले. मधूनच, अर्ध्या शब्दावरून. आमचं भजन जिथं संपलं तिथून फीत संपेपर्यंत, सहा-सात मिनिटं, ते तसेच राहिले होते.

बोटं मी मुठीत धरली. इतकी माणसं, पण गळा एकच वाटत होता. श्वास कोण कुठं घेतोय, कळत नव्हतं. सूर पायरी-पायरीनं चढायचा, फार उंच जायचा नाही, सावकाश उतरून घरी आल्यासारखा टेकायचा. मग थोडा वेळ नुसता दगडी भिंतींचा घुमारा. तो विरेपर्यंत पुढचा शब्द कुणी उचलत नव्हतं. एवढं थांबणं मला जन्मात जमलं नाही. सायमन मागत होता ते दहा वर्षं माझ्या कपाटात होतं. त्याची सुटलेली जागा त्या मिनिटांत होती का, मला कळायचं नाही. ज्याला कळली असती, त्याच्यावर मी ओरडून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला गेलो नाही. खाचांवरच्या दोन्ही चिकटपट्ट्या नखानं खरवडून काढल्या, कॅसेट खिशात घातली आणि मार्थावहिनींकडे गेलो. त्यांनी खुर्ची पुढं केली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, "वहिनी, कॅसेट फेकली नव्हती."