जांभळ्या काठाचे वकील

आपलं नाव कुणाला कळू नये म्हणून इतकी मेहनत घेणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि तरी शहाद्याच्या बस स्टँडवर उतरून नुसतं "वकिलांचं घर" म्हटलं की रिक्षावाला थेट आमच्या दारात आणून सोडतो. हे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा कॉलेजात होते. आता त्यांच्या मिशा पिकल्या, माझे गुडघे गेले, पण पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस आणि मागच्या खोलीत माझा चहा, यात बदल नाही. वकिलानं जाहिरात करायची नसते असा नियम आहे. बाकीचे वकील तो पाळतात, आमचे भाऊजी त्याची पूजा करतात. पाटी एवढीशी, की शेजारच्या टेलरकडे निघालेली माणसं पँट उसवायला आमच्याकडे शिरतात. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत छापखान्यानं यांच्या नावाआधी 'ॲडव्होकेट' छापलं, तर हा गृहस्थ दोन दुपारी बसून एकेका पत्रिकेतला तो शब्द काळ्या शाईनं झाकत होता. व्याह्यांनी घाबरून फोन केला, की तुमच्याकडे कुणी गेलं का?

माझा मुलगा सुरतेला जाहिरातीच्या कंपनीत आहे. तो दिवाळीला आला की काकांना शिकवायला बसतो. "काका, पक्षकार वाढवायचे तर आधी दिसायला पाहिजे." भाऊजी शांतपणे शेव खात ऐकतात आणि मला म्हणतात, "वहिनी, पाटी वाचीसन कोणी वकील करस का?" मी म्हणते, आधी पाटी दिसू तर द्या. पण मनातून मला माहीत असतं की त्यांचं बरोबर आहे. माणसं येतात ती त्यांच्या परीक्षेसाठी. म्हणजे असं, की पक्षकारानं आपलं गाऱ्हाणं सांगितलं की भाऊजी उठतात, स्वतःच्या खुर्चीवर त्याला बसवतात, आपण बाकावर बसतात आणि सगळं त्याच्याच बोलीत परत सांगतात. शेवटी विचारतात, "बरोबर सांगितलं का? चुकलं असेल तर नापास कर." काळ्या कोटाला नापास करायला मिळतं म्हटल्यावर कोण सोडेल? धडगावकडच्या डोंगरातली एक आजी यायची, तिनं त्यांना तीन वेळा नापास केलं. पुतण्यानं तिच्या शेतावर हक्क सांगितला होता, आणि भाऊजी दर वेळी शेतातलं मोहाचं झाड सांगायचं विसरायचे. चौथ्या वेळी झाड आलं, तेव्हा आजीनं माझ्याकडे बघून चहा मागितला.

ही माणसं घाटातून जीपनं दोन-तीन तास आदळत खाली यायची, आणि इथे कळायचं की आज कोर्टात काम नाही. दिवस गेला, मजुरी गेली. वर तेव्हा फोन लागत नसे. म्हणून भाऊजींनी जीपवाल्याशी ठरवलं: उद्या काम नसलं की आज वर जाणाऱ्या जीपच्या कॅरिअरला पांढरं फडकं. फडकं दिसलं तर घरी थांबा, नाही दिसलं तर या. पाड्यापाड्यांवरून लोक रस्त्याकडे बघून ठरवू लागले. दुसऱ्या वकिलांचे पक्षकारसुद्धा फडकं बघायचे, आणि त्याचं भाऊजींना काहीच वाटत नसे.

मग आजीच्या साक्षीचा दिवस आला. आदल्या दुपारी जीपवाला आमच्याकडे पाणी प्यायला थांबला. घामानं निथळत होता, म्हणून मी त्याला एक धुतलेला टॉवेल ओला करून दिला. पांढरा. त्यानं तोंड पुसलं, मानेला गुंडाळला आणि गेला. दुसऱ्या दिवशी कोर्टात पुकारा झाला आणि आजी नाही. समोरच्या वकिलानं जोर धरला, न्यायाधीशबाईंनी पुरावा बंद केला. आजीची साक्ष नाही म्हणजे शेत पुतण्याचंच झाल्यासारखं. संध्याकाळी जीपवाला ओट्यावर खाली मान घालून बसला. "मन्ही चूक शे, वकीलसाहेब. टॉवेल ओला व्हता, वाळाले कॅरिअरवर टांगी दिन्हा." मी दाराआडच उभी. टॉवेल माझा, हे सांगायला दोनदा उंबऱ्यापर्यंत आले आणि मागे फिरले. शेवटी सांगितलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, फडकं ठरवनारा मी. तुम्ही चहा ठेवा."

दुसऱ्या दिवशी ते त्याच जीपनं आजीच्या पाड्यावर गेले आणि अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. आजीनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नापास." मग भाकरी वाढली.

पुरावा पुन्हा उघडायचा अर्ज लिहिताना एक वकीलमित्र म्हणाले, "आजी तापानं फणफणली होती लिही. सगळे तेच लिहितात." भाऊजी म्हणाले, "तिला ताप आला नाही. ताप मी दिला." आणि अर्जात फडकं, जीप, टॉवेल सगळं खरं लिहिलं, वर स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलं. फक्त टॉवेल कुणी दिला ते नाही लिहिलं. न्यायाधीशबाईंनी अर्ज दोनदा वाचला, हसू दाबलं आणि साक्षीला तारीख दिली. त्या दिवशी आजी कोर्टात मोहाच्या झाडापासून सुरू झाली ती कुणाला ऐकेना. बाहेर येऊन भाऊजींच्या कोटाला हात लावून म्हणाली, "आज पास." शेत तिचंच राहिलं. पुढे वर्षभर वरून जो येई तो म्हणे, आपली चूक कागदावर लिहिणारा वकील हाच का? माझा मुलगा म्हणाला, अशी जाहिरात मला जमायची नाही.

पांढरं फडकं मात्र साक्ष चुकली त्या दिवशीच बंद झालं. दुसरं कुणी वाळत घालणार नाही असं कापड हवं म्हणून भाऊजींनी माझ्या एका साडीचा भडक जांभळा काठ मागून नेला. इतकी वर्षं ती साडी त्यांना टोचत होती हे मला तेव्हा कळलं.

आता वर टॉवर आलाय. तारखांचे निरोप फोनवर जातात, समोरून अंगठा येतो, काम संपलं. काठाचा उरलेला तुकडा जीपवाल्यानं आरशाला बांधून ठेवलाय. आजीही गेली मागच्या उन्हाळ्यात. परवा भाऊजी ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, हल्ली कोणीच नापास करत नाही." म्हणून संध्याकाळी ते मला दिवसाचं एखादं प्रकरण सांगतात, मी त्यांच्या खुर्चीवर बसून ऐकते. सगळं नीट सांगतात, अजूनही. तरी मी एकदा नापास करतेच. मग ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.