फिसकटलेला लाल ठिपका

नव्वदच्या दशकात मी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डोळ्यांची डॉक्टर होते आणि शनिवारी रायफल क्लबला जायचे. तिथे नेमबाजीच्या शेजारच्या लेनमध्ये एक इंग्रज आजोबा असत. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. गोळी झाडण्याआधी ते रायफल हलकेच थोपटायचे, मांजराला थोपटावं तशी.

एकदा ते नवी रेड डॉट साइट घेऊन आले; ही रायफलवर बसवतात, आत पाहिलं की नेम धरायला लाल ठिपका दिसतो. जपून बसवली, स्क्रू घट्ट केले, आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. लाल ठिपका गोल नाही, शेपूट फुटल्यासारखा फिसकटलेला दिसतोय, असं ते म्हणाले.

"खराब आहे, परत करा," ते ऐकून सगळे म्हणाले.

मी त्यांना आत बघता बघता रायफल कलती करायला सांगितलं. साइट फिरली, पण ठिपक्याचं शेपूट होतं तिथेच राहिलं, असं त्यांनी सांगितलं; दोष साइटमध्ये असता तर शेपूटही तिच्याबरोबर फिरलं असतं.

"साइट उत्तम आहे," मी म्हटलं. "तुम्हाला ॲस्टिग्मॅटिझम आहे, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नाही. चष्मा लागेल."

"म्हणजे दोष माझ्या डोळ्यात? वा!" त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "अहो, माझ्या मुलीला बंदुका मुळीच आवडत नाहीत. तरी ही साइट तिनं स्वतः निवडून मला भेट दिलीय. परत कशी करू?"

पुढे एका शनिवारी ते नवा चष्मा लावून आले. बरोबर मुलगी होती. ठिपका आता जवळजवळ गोल दिसतो, असं मला हळूच सांगून त्यांनी रायफल तिच्यापुढे ठेवली.

"आधी तू बघ," ते म्हणाले.