आभाळातल्या धोंड्यावर मोडलेली सोयरीक

घ्या, चहा घ्या, निवतोय. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझा धागा सुटतो.

आता काय सांगू तुम्हाला! उभ्या जन्मात मी सोयरिकी जुळवल्या. पाटणच्या खोऱ्यातल्या निम्म्या सुना माझ्या शब्दावर आल्या आणि नांदल्या. ह्याच तोंडानं एका गुणी पोराची ठरत आलेली सोयरीक मी मोडली. आणि मोडली कुठं? जमिनीवर नाही बरं का. आभाळात!

(मी बोलतेय, नात लिहितेय. माझ्या ‘न्हाई’चं ती ‘नाही’ करते. करू दे, शिकलेली आहे.)

तर ही माझी नात सायली. साताऱ्यात मुलाकडं मी राहायला आले तेव्हापासून बघते, दर रविवारी जेवणं झाली की हिच्या दोन मैत्रिणी आणि समोरच्या घरातला ओमकार येऊन टेबलाला बसतात. ओमकार एमआयडीसीत कंपनीत आहे. पोरं टेबलावर एक नकाशा पसरतात. गाव नाही, नदी नाही, नुसता काळा कागद आणि त्यावर बटाट्यासारखे धोंडे. म्हणे हे आभाळात फिरणारे धोंडे, ह्यांच्या पोटात लोखंड आहे, बर्फ आहे. माणसं यानात बसून जातात आणि खणतात. डोक्याला मोठ्या टोप्या, कमरेला पिस्तुलं, आणि पोलीस पार लांब. प्रत्येकानं एकेक माणूस व्हायचं, त्याच्यासारखं बोलायचं, आणि नड आली की फासा टाकायचा.

एक मैत्रीण नोकरीला खंडाळ्याकडं गेली, डाव मोडायला आला. सायली म्हणाली, “आज्जी, तू बस.”

“मला काय कळतंय गं?”

“विहीर खणलीयस ना? झालं तर!”

खणली होती. सासऱ्यांच्या मळ्यात सुरुंग उडवून विहीर पाडली, तेव्हा पाट्या मीच वाहिल्या. म्हणून मी झाले हौसाक्का, सुरुंगवाली. ओमकार झाला कप्तान, यानाचा मालक. सायली गोष्ट सांगणारी, कुठं काय दडलंय ते तिलाच ठाऊक.

“आणि जिंकायचं कसं?” मी विचारलं.

“ह्यात कुणी जिंकत नाही, आज्जी. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट सांगायची.”

“मग खेळायचं कशाला?”

पोरं हसली. मी मात्र ती गोष्ट तिथंच सोडून दिली. तिथंच चुकले बघा.

कारण बाई, मी रमले! पहिल्याच रविवारी असा सुरुंग लावला की धोंडा दुभंगला आणि आत निळाशार बर्फ. आभाळात पाणी म्हणजे काय, कळतंय ना? मला तर विहिरीला पहिला झरा लागला तो दिवस आठवला. सासरे चिखलात बसून रडले होते. आठवडाभर भाकरी थापताना मी त्याच बर्फाचा विचार करायची. कुणाला किती, कुणाची पाळी आधी.

आणि पुढच्या रविवारी काय झालं? ओमकारनं, त्या कप्तानानं, सगळा बर्फ यानात भरला, दार लावलं आणि म्हणाला, “हौसाक्का, राम राम.” मला आणि एका म्हाताऱ्या खाणकऱ्याला धोंड्यावर सोडून गेला! वर हवा संपत आलेली. तो म्हातारा म्हणजे सायलीची मैत्रीणच, पण खोकत होती अशी की माझ्या डोळ्यांत पाणी. नशीब, मी धोंड्याखाली हात घातला, दान चांगलं पडलं आणि हवेचा एक सिलिंडर हाताला लागला. वाचलो.

त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला. ओमकारला दिला नाही. तो आपला मुकाट उठून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात पाहुणे. एक रिटायर सुभेदार, मिशा अशा, आणि त्यांची मंडळी. सांगलीकडचे, तासगावच्या पलीकडचं गाव. त्यांच्या पुतणीचं, पल्लवीचं, ओमकारशी ठरत आलं होतं. दोघं एकाच कंपनीत, मनं जुळलेली. घरच्यांचं एवढंच राहिलं होतं की चौकशी करायची. आपली पद्धतच आहे. पोरगी द्यायची तर पोराच्या घरात विचारायचं नाही, समोरच्या घरात विचारायचं. त्यातही म्हातारीचा शब्द शेवटचा.

“आज्जी, पोरगं कसं हाय?” सुभेदारांनी विचारलं.

चांगलं म्हणून मोकळी होणार होते हो. पण कालचाच धोंडा डोक्यात. आणि माझं आपलं ठाम मत, माणूस खेळात कळतो. सारीपाटात सोंगटी चोरणाऱ्यानं पुढं सख्ख्या भावाचा बांध कोरलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय.

“बोलाय-चालाय ग्वाड हाय,” मी म्हटलं, “पर खाणीवर त्येचं खरं रूप दिसतंय.”

“खाणीवर? त्यो तर कंपनीत हाय म्हनं!”

“कंपनीत हायच की. खाण रविवारची.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. आता मला सांगा, माझ्या मागं टेबलावर नकाशा पसरलेला, टोपी पडलेली, फासे पडलेले. मला वाटलं, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, ह्यांनाही दिसतंच आहे की खेळ आहे. त्यांना काय दिसलं देव जाणे!

“तुमी सोता बघितलं व्हय?” बाईंनी विचारलं.

“बघितलं? आवं, मी सुरुंग लावाय हुते!”

“ह्या वयात?”

“मग! आन् माल निगाला तसा ह्येनं सगळा भरला आन् पळाला. मला आन् एका म्हाताऱ्याला धोंड्यावर टाकून. हवा न्हाई, पाणी न्हाई.”

“आगं आई!” बाईंनी पदर तोंडाला लावला.

“पोलिसात न्हाई सांगितलं?” सुभेदार ताठ बसले.

“तितं कुटलं पोलीस! आन् कमरंला पिस्तूल असतंय त्येच्या.”

चहा ठेवते म्हणाले, तर थांबलेच नाहीत. मला वाटलं, एसटीची घाई असेल.

संध्याकाळी ओमकारची आई आली. पायरीवरच बसली आणि रडायला लागली. सांगलीहून निरोप आला होता, सोयरीक नको. कारण सांगितलं नव्हतं, फक्त एवढंच की पोराचे धंदे कळले. “माझ्या पोराचं कसलं वो धंदं? त्येनं जेवण सोडलंया.”

मला दुपारचे पाहुणे आठवले. सायली कामावरून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग हसायची थांबली आणि खुर्चीत बसली.

“आज्जी, दगाबाज कुणीतरी व्हायला हवंच होतं. नाहीतर गोष्ट पुढं जात नाही. मैत्रीण नको म्हणाली. तो म्हणाला, मी होतो.”

“हां, पर असं टाकून जायचं?”

“आणि तो सिलिंडर कुठून आला वाटतं तुला? दान कसंही पडलं असतं तरी तो तुला मिळणार होता. ओमकारनं आधीच माझ्या कानात सांगितलं होतं, मी जातो, पण आज्जींसाठी धोंड्याखाली सिलिंडर ठेवून जातो.”



लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत नाटक व्हायचं. त्यात गरिबाचं घर जाळणारा पाटील दरसाल शिरपादादा व्हायचे. दुसऱ्या दिवशी बायका त्यांना पाणवठ्यावर शिव्या द्यायच्या आणि आम्ही पोरी त्या बायकांना हसायचो, किती अडाणी म्हणून! आणि शिरपादादा कोण? कुणाच्या घरात मयत झाली की सगळ्यांच्या आधी लाकडं घेऊन येणारा माणूस. आत्ता, म्हातारपणी, मला उमगलं की ते काम त्यांनाच का द्यायचे. लोकांचा राग अंगावर घेऊनही सकाळी जो सगळ्यांना राम राम करील, त्यालाच वाईट माणूस होता येतं. बाकीच्यांना भीती वाटते, की लोक खरंच ओळखतील!

तर रविवारी सायलीला घेतलं, खेळाचा डबा घेतला, आणि सांगलीची एसटी धरली.

सुभेदारांनी पाणी दिलं, पण ऐकून घेईनात. “आज्जी, तुमास्नी कुणी दम दिऊन धाडलंय. घाबरू नका. मी फौजी माणूस हाय.”

“आवं, खेळ हुता वो!”

“सुरुंग लावायचा खेळ?”

काय करणार! ओट्यावर डबा उघडला, काळा कागद पसरला, घरातल्या पोरांसकट सगळ्यांना बसवलं. पल्लवी दाराआडून बघत होती, डोळे सुजलेले, तिलाही ओढलं. सायली गोष्ट सांगायला लागली. धोंडा, यान, बर्फ. हळूहळू सुभेदार पुढं सरकले. त्यांनी तर धोंड्याभोवती पहाराच लावला! बाई म्हणाल्या, “बर्फ आदी म्हाताऱ्यास्नी द्या.”

मग सायली म्हणाली, “आता एकानं दगा द्यायचा. काका, तुम्ही?”

सुभेदार चपापले. “मी? छ्या! दगा आन् मी? पोरं बघत्यात की!”

“खेळ आहे काका.”

“खेळ असू दे, न्हाईतर काय बी असू दे. मला न्हाई जमायचं.”

बाईंनी मान हलवली. मी म्हटलं, “बघा सुभेदार. बंदूक धरलेला माणूस तुमी, पर ह्याला तुमी भ्यालात. ओमकारनं त्येच काम केलं, आन् मला हवा ठिवून गेला.”

सुभेदार मिशी चाचपत बसले. आणि तेवढ्यात पल्लवी नकाशाकडं हात करून म्हणाली, “मी होते दगाबाज.”

तिनं यान घेतलं, बर्फ घेतला, चुलत्याचा पहारा चुकवला, आणि मला धोंड्यावर टाकून गेली. मी लगेच धोंड्याखाली हात घातला.

“काही नाही, आज्जी,” सायली म्हणाली.

“सिलिंडर?”

“तो पण मी नेला,” पल्लवी म्हणाली.

सुभेदार असे हसले, असे हसले, की ठसका लागला. “आज्जी, आता हिच्यापास्नं त्या पोराला वाचवायचं बघा! उद्याच येतो म्हनावं सुपारी फोडाय.”

लग्न झालं, साताऱ्यातच. ओमकारला मी त्या दिवशी राहिलेला चहा पाजला. तो म्हणाला, “आज्जी, साखर जास्त झालीय,” आणि सगळा प्यायला.

पण गंमत पुढंच आहे. मी मोडलेलं जुळवून आले खरी, पण तासगावपासून सगळ्या भावकीत जी बातमी आधी पोचली होती, ती परत कोण आणणार? जेवणाच्या पंगतीत सुभेदारांच्या बाई मला मिरवत होत्या, “ह्याच त्या, धोंड्यावरच्या आज्जी!” एक म्हातारी काठी टेकत आली, माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी.

“बया, धोंड्यावर टाकलं व्हय गं तुला? या वयात सुरुंग लावाय धाडलं? आगं, तुला लेक बिक न्हाई का कोण?”

लेक शेजारीच उभा होता. हातात माझ्यासाठी जिलेबीची ताटली घेऊन.